शामकलेनं दिलेलं वारूळ

उलट्या-जुलाबांनी पिळून निघालेली जमुनेची लेक प्रिया सकाळी उठून बसली, चहा मागू लागली. तशी जमुनेनं पिशवी आवरायला घेतली.

"कुठं निघालात?" गोंदियाच्या त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अडवलं. "अळंबीचं विष असंच फसवतं. वरून बरं वाटतं, आतून लिव्हर जातं. रक्त तपासायला दिलंय. पोरीला नागपूरला न्यावं लागेल."

"साध्या सात्या होत्या, मॅडम. घरच्या वारुळाच्या. त्यात कायचं इख?"

दरेकसाच्या रानात सात्या, म्हणजे खायची अळंबी, उगवतात ते वाळवीचं वारूळ कुणी कुणाला दाखवत नाही. सख्खी आई लेकीला दाखवत नाही, लेक परक्या घरी जाणार म्हणून. सासूनं जाताना जागा थोरल्या सुनेला, शामकलेला सांगितली होती. आणि यंदा धाकटी जाऊ जमुना मागे लागली, तेव्हा शामकलेनं तिच्या ओंजळीत ओटी भरावी तसे तांदूळ घातले. "घे, वारूळ तुले देल्लं. बांबूच्या पल्याड." आईविना वाढलेली जमुना तिच्या गळ्यात पडून रडली. तिला वाटलं, सासरच्या रानात ओंजळभर माहेर गवसलं.

वारुळात वाळवी नव्हती. सात्यांसारखे देठ खोल जात नव्हते, मुळाशी सात्यांना नसते ती पांढरी पिशवी होती. जमुनेनं सगळं पाहिलं होतं. पण शामकलाबाई खोटं कायले सांगन? एवढुशाच निघाल्या, म्हणून साऱ्या लेकीच्याच ताटात वाढल्या.

तेवढ्यात शामकला पेजेचा डबा घेऊन आली.

"बाई, सांग ना मॅडमले, वारूळ आपलंच होय म्हून. पोरीले घरी नेऊन राहिली मी."

शामकलेनं डबा छातीशी धरला. "नेऊ नोको."

"काऊन?"

"थे आपलं वारूळ नोहे. मले वाटलं, तिथं काईच नसन. खाली हातानं येशीन, अन् पुन्हा मागशीन नाई."

जमुनेनं पिशवी खाली ठेवली. "मंग तांदूळ कायले घातले माह्या ओंजळीत?"



जमुना डॉक्टरीणबाईंकडे वळली. वाळवी नसलेलं वारूळ, पांढरी पिशवी, सगळं सांगितलं. "न्या मॅडम. कुठं न्यायचं थे न्या."

सलाइन लावलेल्या प्रियाला गाडीत घातलं. शामकला गाडीचं दार धरून उभी. "जमुना, खरी जागा सांगतो मी तुले. आयक. देवाची आन..."

"नोको सांगू."

जमुनेनं तिची बोटं एकेक करून दारावरून सोडवली, आणि दार ओढून घेतलं.