सपाट चमचाभर साखर

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना चमचा आहे. माझी दांडी आखूड, वाटी खोलगट आणि काठ अगदी सपाट आहे. मला घेऊन कुणी जेवत नाही, की कुणाला वाढत नाही. मला घडवलं ते एकाच कामासाठी, चहात साखर घालायला. पुढे जे झालं ते मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म इंदूरच्या बर्तन बाजारातला. तेव्हा माझ्या घरची मंडळी कृष्णपुऱ्याजवळ राहायची. कर्ता पुरुष कापड गिरणीत कारकून होता. घरात दीर, जावा, मुलं, येणारे-जाणारे अशी भरपूर माणसं होती, आणि चहा ज्या हाताला सवड असेल तो हात करायचा. एकीचा चहा पाणचट व्हायचा, दुसरीचा पाकासारखा. दिवस कुरकुरीनेच सुरू व्हायचा. त्या घराच्या मोठ्या सूनबाई अंबिकाबाई या रोजच्या कटकटीला कंटाळल्या. एके दिवशी त्यांनी फुटका पितळी तांब्या आणि साखरेची एक पुडी पदराआड घेतली आणि थेट भांडी घडवणाऱ्या कसेऱ्याचं दुकान गाठलं.

"भैयाजी, इसका एक चम्मच बना दो. एक कप चाय में जितनी शक्कर लगती है, उतनी ही समाए. ना कम, ना ज्यादा."

कसेरा हसला. "बाईजी, चम्मच तो बने-बनाए मिलते हैं."

"मिलते होंगे. पर वो हमारे घर के नहीं हैं."

तांब्या वितळला आणि साच्यातून मी बाहेर आलो. अंबिकाबाई तिथेच बसून होत्या. कसेऱ्याने मला कानशीने घासावं, त्यांनी पुडीतली साखर माझ्यात ओतून पाहावी आणि मान हलवावी. असं बराच वेळ चाललं. मला खूप दुखलं, पण ज्या क्षणी त्यांनी "हां, बस" म्हटलं, त्या क्षणी मी कोण आहे हे मला समजलं.

घरात माझा नियम ठरला. मला डब्यात बुडवायचं, काठोकाठ भरायचं, वरची साखर बोटाने सारून पुन्हा डब्यात लोटायची आणि जे उरेल ते कपाच्या हिशेबाने पातेल्यात घालायचं. पाहुणा असो की भांडी घासणारी बाई, सगळ्यांना तोच चहा. कुरकुर थांबली. शेजारणी विचारायच्या, "तुमच्याकडे चहा कधीच बिघडत नाही, कसं काय?" अंबिकाबाई मला वर करून दाखवायच्या. त्या वेळी मला फार अभिमान वाटायचा, हे मी लपवत नाही.

पुढे त्यांचा मुलगा शाम टपाल खात्यात लागला आणि त्याचं लग्न झालं. सून भानुमती देवासहून आली होती. पहिल्या सकाळी सासूबाईंनी तिच्या हातात मला दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "अंदाज आपला रोज बदलतो गं. हा बदलत नाही."

भानुमतीचा हात माझ्या ओळखीचा झाला. तिचं बोट काठावरून फिरायचं ते हलकं आणि सावकाश. आलं ठेचायची, गवती चहा कातरून टाकायची, दूध घातल्यावर पातेलं वर येऊ द्यायची, आणि गाळल्यावर एक घोट स्वतः घेऊन मगच शामरावांपुढे कप ठेवायची. ते बशीत ओतून प्यायचे आणि म्हणायचे, "बस भानु, आता दिवस निघाला." वर्षं गेली. अंबिकाबाई गेल्या. गिरणी बंद पडली. कुटुंब पांगलं आणि शामराव-भानुमती अन्नपूर्णेच्या देवळाच्या बाजूला छोट्या घरात राहायला आली. मी त्यांच्यासोबत आलो.

शामराव निवृत्त झाले आणि त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली. बिनसाखरेचा कप पुढे आला की ते गुपचूप तो बाजूला सारायचे. शेवटी भानुमतीने डॉक्टरांकडून एवढी सूट मिळवली की दोघांच्या मिळून चहाला एकच सपाट चमचा साखर पडेल. तिने स्वतःसाठी वेगळा गोड चहा कधीच केला नाही. एकाच पातेल्यातला तोच फिका, जेमतेम गोड चहा दोघं प्यायची. त्या दिवसांत माझं काम निम्म्यावर आलं, पण माझी जबाबदारी वाढली होती.

मग ते तापाचं वर्ष आलं. रस्ते ओस पडले आणि अँब्युलन्सचे आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचे. भानुमतीलाही ताप आला. मागच्या खोलीत ती एकटी पडून होती. बरी होऊन ती ओट्याशी उभी राहिली तेव्हा तिचा मुलगा नीरज आणि सून अनुश्री, दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने चहा केला, गाळला आणि नेहमीसारखा एक घोट घेतला. घेतला आणि तशीच उभी राहिली. पुन्हा एक घोट घेतला. मग डबा उघडून चिमूटभर साखर जिभेवर ठेवली.

तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

पुढचे काही दिवस ती कुणी नसताना मीठ चाटून पाहायची, आल्याचा तुकडा चावायची, हिंगाची डबी नाकाशी धरायची. कशाचाच काही उपयोग झाला नाही. पण कुणाला सांगावं असं तिला वाटेना. शेजारच्या घरातला कर्ता मुलगा त्याच तापात गेला होता. ज्यांची माणसं गेली त्यांच्यापुढे जिभेची चव गेली म्हणून काय रडायचं, असं ती एकदा देवापाशी पुटपुटली. आणि दुसरं एक भय होतं. चव कळत नाही म्हटल्यावर हे स्वयंपाकघर आपलं राहणार नाही, हे.

म्हणून तिने मला घट्ट धरलं. भाजीत मीठ कधी कमी पडायचं, कधी जास्त; "वय झालं" म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. चहा मात्र तसाच राहिला. तिची जीभ गेली होती, पण माप तिच्या हातात होतं.

काही काळाने नीरजने स्वयंपाकघर नवं करायला काढलं. पांढरे कप्पे आले, काचेच्या बरण्या आल्या. अनुश्री मनाची चांगली मुलगी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तिला जुन्या पितळेची भारी आवड. तिने मला चिंचेने घासून लखलखीत केलं आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर एका लाकडी पाटीवर चिकटवून टाकलं. साखरेच्या नव्या बरणीत नीरजच्या प्रोटीन पावडरच्या डब्यातला प्लास्टिकचा मोठा चमचा पडला.

"अनु, तो पितळेचा चमचा…" भानुमती म्हणाली.

"आई, असू द्या ना तिथे! किती सुंदर दिसतोय. मैत्रिणी आल्या की सगळ्या आधी तोच बघतात."

भानुमती पुढे बोलली नाही. चमचा कशासाठी हवा, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

मित्रांनो, त्या भिंतीवर माझं जेवढं कौतुक झालं तेवढं आयुष्यात कधी झालं नव्हतं. पाहुणे यायचे, माझ्यासोबत फोटो काढायचे. आणि खाली ओट्यावर मला रोज दिसायचं की त्या प्लास्टिकच्या चमच्यात भानुमती कधी अर्धी, कधी अर्ध्याहून जास्त साखर घेते आहे, क्षणभर थांबून आणखी थोडी घालते आहे. एरवी माणूस अंदाजाने घालतो आणि एक घोट घेऊन चूक सुधारतो. तिला सुधारायला काही नव्हतं. त्यातून चहा फिका लागला तर शामराव कप बाजूला सारतील, ही जुनी धास्ती होतीच. साखर वाढत गेली.

आणि शामराव? ते बशीतून घोट घ्यायचे, थोडे थबकायचे, भानुमतीकडे पाहायचे, हसायचे आणि पिऊन टाकायचे. बोलायचे काहीच नाहीत.

उन्हाळ्यात नव्या चपलेने त्यांच्या पायाच्या अंगठ्याला फोड आला. त्यांनी त्यावर हळद दाबली आणि घरात कुणाला दाखवला नाही. फोड चिघळला. अंगठा काळा पडायला लागला तेव्हा नीरजने त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. तपासणीत रक्तातली साखर भलतीच चढलेली निघाली. संध्याकाळी ते घरी आले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच नीरज भडकला.

"बाबा, सच सांगा. सकाळी फिरायला जाता तेव्हा पोह्यासोबत जिलेबी खाता ना? अंगठा काढावा लागेल म्हणतायत डॉक्टर!"

शामरावांनी भानुमतीकडे एकदा पाहिलं. मग मान खाली घातली.

"हौ रे. खाल्ली. कधी कधी."

"कधी कधी? एवढ्याने इतकी वाढते?"

"रोज खाल्ली. बस? झालं समाधान?"

भानुमतीने पदर तोंडाला लावला. "मी इथे दाणा दाणा जपते आणि तुम्ही बाहेर जाऊन…"  त्या दिवसापासून ती त्यांच्याशी नीट बोलली नाही. ऑपरेशनला नेताना त्यांनी "येतो, भानु" म्हटलं. ती फक्त "हं" म्हणाली. अंगठा काढला गेला.

ते दवाखान्यात असतानाची एक दुपार. अनुश्री घामाघूम होऊन घरी आली. भानुमतीने थर्मासमध्ये न्यायला चहा केला होता. दवाखान्यातला चहा त्यांना आवडणार नाही म्हणून तेवढं ती अबोल्यातही करत होती. पातेल्यात थोडा उरला होता. अनुश्री आणि नीरज एरवी कॉफीच घेतात, त्यामुळे हा चहा दुसऱ्या कुणी चाखलाच नव्हता; पण त्या दिवशी थकून तिने तोच कपात ओतला आणि तोंडाला लावला.

"आई! हा चहा बाबांसाठी आहे?"

"हो. का गं?"

"हे तर एकदम शरबत आहे! किती शक्कर टाकली तुम्ही?"

"नेहमीचीच. तेवढीच घालते मी."

"तुम्ही चाखला नाही?"

 नळ चालू होता, तो भानुमतीने बंद केला. मग ओट्याला दोन्ही हात टेकून म्हणाली, "मला कळत नाही अनु. तापापासून काहीच कळत नाही. गोड नाही, खारट नाही. तोंडात गरम आहे की गार, तेवढंच समजतं."

अनुश्रीने कप खाली ठेवला. "एवढी वर्षं? आणि तुम्ही आम्हाला बोलल्या पण नाही?"

"तो चमचा होता तोवर चाललं गं."

अनुश्रीने वळून भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर गेल्यापासून पहिल्यांदाच मला कुणीतरी शोभेसाठी नव्हे, कामासाठी पाहत होतं. तिने सुरी आणली आणि रडत रडत मला पाटीवरून खरवडून काढलं. त्यात माझी दांडी वाकली. मला त्याचं काही वाटलं नाही.

शामराव घरी आले ते पायाला पट्टी बांधून, नीरजच्या खांद्याचा आधार घेत. त्यांना टेबलाशी बसवून नीरज औषधं आणायला गेला. अनुश्री दारापाशीच थांबली. भानुमती त्यांच्यासमोर येऊन बसली. 

"तुम्ही जिलेबी नव्हती खाल्ली."

शामरावांनी वाकून पायाची पट्टी उगाच चाचपली.

"चहा गोड लागत होता तुम्हाला. मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, तू मुद्दामून घालतेस. इतकी वर्षं माझ्यासाठी फिका चहा प्यायलीस. वाटलं, आता म्हातारपणी लाड करतेय बिचारी. बोललो असतो तर बंद केला असतास. आणि मग नीरज ओरडायला लागला. तुझं नाव कसं सांगणार होतो?"

"मला चव कळत नाही हो," भानुमती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं मी काय देतेय तुम्हाला."

ते तिच्याकडे बघत राहिले.  मग त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्यासोबत चहा प्यायचीस रोज, तर तुला काहीच लागत नव्हतं?"

"नाही."

"मग पीत कशाला होतीस?"

"तुम्ही एकटे कसे पिणार?"

आणि मित्रांनो, टपाल खात्यात उभा जन्म काढलेला तो म्हातारा माणूस टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. गेलेल्या अंगठ्यासाठी तो रडला नव्हता.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की नुसत्या चहाने हे झालं नाही; फोड लपवला, तपासणी टाळली, तेही होतंच. भानुमतीला ते ऐकून थोडा धीर आला, पण पुरता नाही. ती अजूनही कधी कधी त्या पायाकडे पाहते आणि हातातलं काम थांबवते. तिच्या जिभेवरही उपचार सुरू आहेत. कधीतरी चव परत येईल किंवा येणारही नाही, असं म्हणतात.

मी पुन्हा साखरेत आहे. माझ्यावरची चमक गेली. आता आठवड्यातून एखाद्याच दिवशी, डॉक्टरांना विचारून, दोघांच्या चहात मी एकदा रिकामा होतो. बाकीचे दिवस साखर नाहीच. पण त्या घरात एक नवी रीत पडली आहे. चहा गाळला की पहिला घोट शामराव घेतात आणि डोळे मिटून तिला सांगतात, "आलं आज चांगलं उतरलंय, भानु. घशाला लागतंय. गवती चहाचा वास आहे, मागे राहतो असा. दूध थोडं जास्त पडलंय. गोड नाहीये, पण छान आहे." भानुमती हातातला कप तसाच धरून शेवटपर्यंत ऐकते. मग स्वतःचा घोट घेते.

आम्हा जुन्या वस्तूंना कामात ठेवा, भिंतीला लावू नका, एवढी विनंती मी करणारच. पण मित्रांनो, त्याहून मोठी एक विनंती आहे. जे माणूस रोज तुमच्यापुढे चहाचा कप ठेवतं, त्याला कधीतरी विचारा, "तुला कसा लागला?" ते आधी "ठीक आहे" म्हणेल. लगेच उठू नका. थोडं थांबून पुन्हा एकदा विचारा.