वूलाकडे जायचा रस्ता

"वहिनी, स्वारी कुठे निघाली?" पँडेलिस भावजी फाटकात आडवे उभे राहिले.

"वूलाकडे."

"आणि उद्याचं?"

उद्या संत पँडेलेमोनचा दिवस, म्हणजे भावजींच्या नावाचा सण. आमच्याकडे ज्याच्या नावाचा सण, त्याचं दार दिवसभर सताड उघडं, कोणालाही परत पाठवायचं नाही, आणि अख्खं गाव न बोलावता जेवायला. रांधणारी अर्थातच मी. आदला दिवस, म्हणजे आजचा, संत पारास्केवीचा. माझी धाकटी बहीण पारास्केवी, आमची वूला, तिच्या नावाचा सण तेव्हा. पण लग्न होऊन आल्यापासून त्या दिवशी मी भावजींच्या बोकडाला मसाला लावत बसलेली. पुढे माझा नवरा मांथोस आणि वूलाचा नवरा यांचं आमच्या बाबांच्या ऑलिव्हच्या झाडांवरून वाजलं. तेव्हापासून तर तिचं नाव काढायचीही चोरी झाली. झाडं आमच्या बाबांची, पण आम्हा बहिणींना कोणी काही विचारलंच नाही.

मांथोस गेल्या वर्षी गेला. जन्मभर मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसले, मांडीवर खाऊची तबकं सांभाळत. पाक सांडू नये म्हणून नजर तबकावर. त्यामुळे गावाबाहेरचा एकही रस्ता मला ठाऊक नव्हता. याची मला लाज वाटत नाही, राग येतो. साठीला टेकले असताना गाडी शिकले, रस्ता सांगणारं यंत्र आणून काचेला चिकटवलं, आणि गावातल्या पुरुषांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हे लोक रस्ता चुकून रात्रभर डोंगरात फिरतील, पण कोणाला विचारणार नाहीत.

"त्या डबीच्या भरवशावर घाट ओलांडणार? चुकलात तर?" भावजी म्हणाले.

"तर चुकेन. बाजूला व्हा भावजी, मला अजून गाडी मागे घेता येत नाही. पुढे मात्र झकास जाते."

ते बाजूला झाले.

यंत्रातली बाई मला फार आवडते. ती सांगते डावीकडे, मी वळते उजवीकडे, तरी ती उसासा टाकत नाही. "सांगितलं होतं ना!" म्हणत नाही. गुपचूप नवा रस्ता शोधते. आमच्या घरात माझ्याशी इतकं धीराने कोणी बोललं नव्हतं. घाटात माझे हात स्टिअरिंगच्या चाकाला घामाने चिकटले होते, पण मी गात होते.

दुपारी ती म्हणाली, पोहोचलात. पाटीवर 'आयिया पारास्केवी', म्हणजे संत पारास्केवी, हेच वूलाच्या गावाचं नाव लिहिलेलं. चर्चची घंटा वाजत होती, चौकात क्लॅरिनेट, बोकडाच्या रश्शाचा वास. सगळं बरोबर, फक्त समुद्र नव्हता. वूलाच्या अंगणातून समुद्र दिसतो. इथे चहूकडे डोंगर.

"कोणाकडे आलीस गं?" ताटं वाढणाऱ्या एका बाईने विचारलं. मी सांगितलं, तशी ती पोट धरधरून हसली. "अगं, या नावाची गावं आपल्याकडे पायलीची पन्नास! ही डोळे बरे करणारी संत, आणि तू तिच्या सणाला डोळे मिटून आलीस होय?"

दोष यंत्राचा नव्हता. त्याने यादी दाखवली होती, मी पहिलं नाव दिसलं ते दाबलं होतं. दिवस मावळला की सण संपतो. मग त्या दारात मी पुन्हा मांथोसची बायको, आणि मला आत घ्यायला वूलाचा नवरा बांधील नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"कुठवर?" भावजी. मी खरं ते सांगून बसले.

"झालं समाधान? आहात तिथेच बसा. मी येतो न्यायला."

क्षणभर मला बरं वाटलं, हे कबूल करते. शेजारच्या सीटवर बसायचं आणि घरी जायचं. मग माझं डोकंच फिरलं.

"तुम्ही इकडे आलात तर बोकड कोण चिरणार, भावजी?" मी म्हणाले. "उद्या गाव जेवायला येतंय. लागा कामाला." आणि फोन बंद करून टाकला.

त्या बाईने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मग आम्ही दोघींनी मिळून यादी चाळली, किनाऱ्यावरचं गाव शोधलं, आणि मी निघाले.

ऊन कलताना पोहोचले. वूलाचं दार उघडं होतं. तिच्या नवऱ्याने मला पाहिलं आणि एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा केला. पण आज वैऱ्यालाही नाही म्हणता येत नाही. पाहुण्याला द्यायचा चमचाभर मुरांबा आणि थंड पाणी त्याला माझ्यापुढे धरावंच लागलं.

वूला स्वयंपाकघरातून धावत आली, गळ्यात पडली, रडली. मीही रडले. मग तिने माझ्या खांद्यावरून दाराबाहेरच्या गाडीकडे पाहिलं.

"कोणी आणलं तुला, ताई?"

"मीच आले."

"अगं, पण चालवलं कोणी?"

"मी!"

तिने बाहेर येऊन गाडीभोवती एक फेरी मारली. खिडकीतून हात घालून चाकाला हात लावला. आतून नवऱ्याची हाक आली, "वूला, पाहुण्यांची कॉफी!"

तिने ॲप्रन सोडला, घडीसुद्धा न घालता अंगणाच्या भिंतीवर टाकला, आणि गाडीत बसून दार ओढून घेतलं.

"कुठे जायचं?" मी यंत्र चालू करत विचारलं.

"तू आधी गाडी काढ," वूला म्हणाली.