डोक्यावर ओढलेली चादर

"ऊन लई हाय गं. लेकराचं डोसकं झाक आदी, बाकीचं मागनं."

आईचा, पारूबाईचा, हा आवाज संघप्रियाच्या कानात तीस वर्षं होता. आई होटगीच्या रस्त्यावर खडी फोडायची, धाकटा लिंबाखाली निजलेला असायचा आणि सावली सरकली, की सहा वर्षांच्या संघप्रियाला ही हाक यायची. पुढं ती शिकली, सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञानाची बाई झाली. हात मात्र आईच्या वळणाचेच राहिले.

गेल्या महिन्यात शाळेची सहल कोकणात गेली, तेव्हा किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू येऊन पडलं होतं. गावकरी बादल्यांनी पाणी ओतत होते, अंगावर टाकायला ओली फडकी मागत होते. तिथल्या शाळेला भेट म्हणून नेलेल्या चार सोलापुरी चादरी मुलांनी धावत आणल्या. पिल्लाला दोनदा समुद्रात ढकललं, दोनदा ते परत आलं. दुपारी त्याचा जीव गेला.

तेव्हापासून आठवीच्या वर्गाचं एकच टुमणं, ते आलंच का? संघप्रियानं परोपरीनं सांगून पाहिलं. उतरत्या वाळूवरून देवमाशांनी सोडलेल्या आवाजाचा पडसाद नीट परतत नाही, मग त्यांना किनारा उमगत नाही. कधी आजारपण असतं, कधी जहाजांचा गोंगाट, कधी आईशी चुकामूक. या पिल्लाचं नेमकं काय झालं, ते सांगता येत नाही. मग शिकवता कशाला, असं मागच्या बाकावरून आलंच.

उद्या विज्ञान प्रदर्शन. तक्त्यावर निष्कर्षाच्या चौकटीत तिनं 'नक्की माहीत नाही' असं लिहिलं आणि मुख्याध्यापक गंगाधर सरांनी ते खोडलं. परीक्षकांना एक कारण लागतं, जहाजांचा गोंगाट लिहा, लोकांना पटतं, म्हणाले. तिनं परत लिहिलं, त्यांनी परत खोडलं. कागदाला भोक पडायची वेळ आली. संघप्रियाला वाटलं, तक्ता घ्यावा आणि टराटरा फाडावा.

त्यात ज्ञानदाचं चित्र. वर्गातली सगळ्यात बारीक नजरेची पोर. तिनं लाल चौकड्यांची चादर पिल्लाच्या डोक्यावरून अगदी पदरासारखी ओढलेली काढली होती. सर खूश झाले. सोलापूरचं नाव होतंय, हे मधोमध लावा, म्हणाले. संघप्रिया म्हणाली, चादर पाठीवर घे, डोकं उघडं ठेव. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ज्ञानदानं ब्रश खाली ठेवला.

"पण बाई, तुम्हीच घातलीत की डोक्यावर. ऊन लागतंय म्हणालात. मी पाहिलंय."

पाहिलं होतंच पोरीनं. पुढचं तेवढं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. वनरक्षक आला, त्यानं चादर हळूच मागं सारली आणि संघप्रियाकडं एकदाच पाहिलं. मधे किती वेळ गेला? पाच मिनिटं? दहा? ते त्यानंच गेलं, की आधीच टेकलं होतं? महिनाभर तिला घास गोड लागला नव्हता, आणि पोरं विचारत होती, ते आलंच का.

"राहू द्या हो मॅडम," सर म्हणाले. "छान दिसतंय. कशाला बदलताय?"

संघप्रिया चित्राजवळ गेली. मग सरांकडं न बघता, ज्ञानदाला म्हणाली,

"त्याचं नाक डोक्यावर असतं गं. तिथूनच श्वास घेतं ते. मला ठाऊक होतं, तुम्हाला मीच शिकवलंय. तरी मी ते झाकलं."