पायाळू सून

रविवारी सकाळी पोहे खाताना सुषमाबाईंच्या हातातून चमचा तिसऱ्यांदा पडला. अण्णांनी तो उचलून दिला. "वात बाहेर पडतोय. आज दुसऱ्यांदा मान बसवली की मोकळी होशील."

सून नेत्राला ते पटलं नाही. चमचा पडायला लागला तो मागच्या रविवारपासून, म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये त्या धर्मेशने सासूबाईंची मान कटकन वाजवली तेव्हापासून. ही खूणगाठ तिने मनाशी पक्की बांधली होती.

धर्मेशची पाटी भली मोठी होती, 'कायरोप्रॅक्टिक केंद्र', म्हणजे हाताने मणके बसवण्याचं. अण्णांना ती वाचायची गरजच नव्हती. नोकरीत असताना त्यांच्या पाठीत उसण भरली, तेव्हा हा धर्मेश जीन्सच्या कारखान्यात शिलाई मारायचा. पण तो पायाळू, जन्मताना पाय आधी आलेला. त्याने पाठीला पाय लावला आणि तिसऱ्या दिवशी अण्णा ताठ चालू लागले. उसण तीन दिवसांत आपली आपणच जाते, पण आपल्याकडे श्रेय मिळतं ते पायाला.

नेत्रा पायाळू आहे हे कळल्यावरच अण्णांनी हे स्थळ पसंत केलं होतं. गेली सहा वर्षं अंबरनाथच्या त्यांच्या बिल्डिंगमधली दुखरी पाठ दवाखान्याआधी तिच्या दारात येई. वडीलधाऱ्यांना पाय लावताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

केंद्रात सुषमाबाईंना टेबलावर निजवलं. नेत्रा भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचत होती. शिक्षणाच्या तारखा बारा ते सव्वीस, महिना एकच.

"आईंच्या हाताला मुंग्या येतात. हात तपासणार नाही का?"

"भाभी, मुंग्या मतलब नस खुलतेय," धर्मेश हसला. "कोर्स केलाय मी. बाकी गुण जन्माचा आहे, अण्णांना विचारा. आज झटका जरा जोरात देतो."

त्याने हनुवटीखाली पंजा घातला. नेत्राने त्याचं मनगट धरलं.

"मान सोडा."

"नेत्रा, हे काय चाललंय?" अण्णा उठले.

"अण्णा, मीपण पायाळूच आहे. माझ्या पायात काही नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? खालच्या हरिचंद्र काकांच्या पाठीला मी चार महिने पाय लावला. मणक्याचा टीबी निघाला. आज ते काठीशिवाय उभे राहत नाहीत. तेव्हा मी गप्प बसले, त्याची लाज वाटते मला. आज नाही बसणार."

अण्णा सुषमाबाईंकडे बघू लागले. त्या हळूच म्हणाल्या, "उठव गं मला. उजवा हात धर. डाव्यात आठ दिवस जोरच नाही. ह्यांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

त्याच दुपारी तपासणी झाली. मानेतली नस दबली होती. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि पुन्हा कोणाला मान वाजवू देऊ नका, असं दोनदा बजावलं. हात पूर्ववत होईल का, या प्रश्नावर मात्र ते बघू म्हणाले.

सोमवारी सकाळी बेल वाजली. शेजारच्या शालनताई कंबर धरून दारात उभ्या होत्या. "नेत्रा, जरा पाय लाव गं."

खुर्चीत बसलेल्या अण्णांनी मान वर केली. आत सुषमाबाई उजव्या हाताने चहा पीत होत्या.

नेत्राने चपला घातल्या. "पाय नाही लावणार, ताई, आज नाही आणि पुढेही नाही. दवाखान्यात तुमच्याबरोबर येते."

शालनताईंनी आशेने अण्णांकडे पाहिलं. अण्णा खुर्चीतून उठले. म्हणाले, "थांबा, रिक्षा मी आणतो."