उकिडवे साहेबांची अर्ध्या पानाची कीर्ती

मित्रांनो, भाजीबाजारात दिसतो तसला तराजू मी नव्हे. मी काचेच्या पेटीत राहतो. मधल्या दांडीखाली माझी अकीक दगडाची धार आहे. तिच्यावरच माझा सगळा तोल. कागदावर तुम्ही पेन्सिलीने सही केलीत, तर त्या सहीचंही वजन मी सांगायचो.

१९६२ साली पिंपरीच्या एका औषध कंपनीत मी आलो. तिथे संशोधन विभाग होता आणि त्यात डॉक्टर लक्ष्मणराव उकिडवे नावाचे तरुण रसायनशास्त्रज्ञ होते. सकाळचा भोंगा व्हायच्या आत ते माझी काच पुसत. "याच्यासारखा खरा माणूस पिंपरीत दुसरा नाही," असं पाहुण्यांना सांगत. पुढे ते विभागप्रमुख झाले. स्वतः वजनं करणं सुटलं, पण शोधनिबंध वाढत गेले. चाळीसच्या वर झाले.

मग मंजुळा वाघमारे आली. पॅकिंग खात्यातल्या भिवाची मुलगी. पुण्यात शिकून रसायनशास्त्रातली डॉक्टर झालेली. औषधाची पूड दमट हवेत किती ओलावा शोषते, आणि किती वेगाने, हे ती शोधत होती. एकच वजन ती पुन्हापुन्हा करायची. उकिडवे म्हणायचे, "बाई, अशानं जन्मात दोन निबंध होतील तुमचे."

"होऊ देत ना सर. पण पावसाळ्यात औषधाच्या बाटलीत गुठळ्या नाही झाल्या पाहिजेत," ती म्हणायची.

तिचे झाले तीनच. पण एके वर्षी वाचनालयात एक जाडजूड परदेशी सूची आली. जगात कोणी कोणाच्या संशोधनाचा दाखला दिला, ते तिच्यात छापलेलं असे. उकिडव्यांनी तिच्यात आधी स्वतःचं नाव शोधलं. दाखले होते, पण बहुतेक त्यांचे त्यांनीच दिलेले. मग त्यांनी वाघमारे हे नाव शोधलं. जपान, हंगेरी, इंग्लंड. ओळींमागून ओळी.

त्या दिवसापासून त्यांचा चेहरा बदलला. तिच्या टेबलाजवळून जाताना ते मान फिरवत. कोणी तिचं नाव काढलं की म्हणत, "नशीब लागतं त्याला." मला त्यांचं दुःख कळत होतं. त्या चाळीस निबंधांत माझंही नाव कुठे नव्हतं, आणि तिच्या हातातल्या पेनाचासुद्धा मला हेवा वाटायचा.

तिच्या बढतीचा कागद त्यांच्यापुढे आला त्याच आठवड्यात ते माझ्याजवळ आले.

"हा तराजू आता माझ्या खोलीत राहील. तुमचे आकडे मी स्वतः तपासणार आहे."

"तपासा की सर," मंजुळा म्हणाली. "फक्त थांबा, मी दांडी..."

थांबायला त्यांना सवड नव्हती. हलवण्याआधी माझी दांडी कळ फिरवून उचलून धरायची असते. हे त्यांनीच कधीकाळी सगळ्यांना शिकवलेलं. घाईत विसरले. उंबऱ्यात हिसका बसला आणि माझ्या धारेचा कपचा उडाला.

मग त्यांनी वजनं केली. प्रत्येक एकदाच. आकडे तिच्या आकड्यांशी जुळेनात, आणि किती वर्षांनी ते शीळ घालत घरी गेले. 'वाघमारे यांची मोजमापे चुकीची आहेत' असा निबंध त्यांनी छापून आणला. बढती अडकली. भिवाला पॅकिंगमधले लोक विचारू लागले, "काय राव, पोरीनं घोटाळा केला म्हणं?"

मंजुळा साहेबांच्या खोलीत आली. रडली नाही. एकच पितळी वजन तिने तीनदा माझ्यावर ठेवलं. मी तीन वेगळे आकडे दाखवले. ते दाखवताना मला जी लाज वाटली, ती तुम्हाला कळायची नाही.

"याची धार गेलीय, सर."

उकिडव्यांनी वाकून माझ्या धारेचा उडालेला कपचा पाहिला.

"माझी बढती राहू द्या," ती म्हणाली. "पण तुमचे आकडे धरून कुठेतरी औषध भरलं, तर ते कुजेल. आणि कुणाचं तरी लेकरू ते घेईल. खरं काय ते तुम्हीच लिहा. मी लिहिलं तर भांडण वाटेल."

त्यांनी लिहिलं. अर्धं पान, आणि तेही छापून आणलं. 'आमचे आकडे चुकले. वाघमारे यांचे बरोबर आहेत.' बढतीच्या कागदावरही सही केली.

पुढे जो कोणी वाघमारेंचा दाखला देई, तो शेजारी त्या अर्ध्या पानाचाही देई. उकिडव्यांच्या चाळीस निबंधांना मिळाले नाहीत एवढे दाखले त्या एका कबुलीला मिळाले. १९८९ साली ते निवृत्त झाले. निरोपाचा हार काढून ठेवत ते मंजुळाला म्हणाले, "आता तरी तुझा हेवा वाटणार नाही असं वाटलं होतं. वाटतोच गं."

"वाटू द्या, सर," ती म्हणाली, आणि त्यांची पिशवी उचलून फाटकापर्यंत पोचवायला गेली.

मला नवी धार बसली, पण पहिली सर आली नाही. आता मी कपाटावर असतो. माझ्या जागी विजेचा तराजू आहे, आणि त्याचं कौतुक कानी आलं की मलाही सोसत नाही. तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं. मनात कुणाचा हेवा दाटला असेल, त्या दिवशी वजन करू नका. तराजूवर एक दिवस धूळ बसली तरी चालेल. उद्या करा.