भिंतीअलीकडची घंटा

मी एक जुना टेलिफोन आहे, मित्रांनो. पण माझा नंबर विचारू नका. मला नंबर नाही. मी पॅरलल आहे. पॅरलल म्हणजे काय, हे आजकाल मुलांना सांगावं लागतं, म्हणून सांगतो. एकाच लाइनीला दोन फोन जोडायचे. एक मुख्य आणि दुसरा त्याच्या पाठीला बांधलेला. फोन आला की वाजायचं दोघांनी, पण नाव मात्र मुख्य फोनचं. तो मुख्य फोन भिंतीपलीकडे द्रौपदाबाईंच्या बैठकीत बसतो. मी भिंतीअलीकडे, सुनंदाबाईंच्या स्वयंपाकघरात, तिखटमिठाच्या फडताळाशेजारी आहे.

आमचं गाव अमळनेर. द्रौपदाबाईंचे यजमान देवचंद आबा एस.टी.त नोकरीला होते. गल्लीत पहिला फोन त्यांच्याकडे आला. शेजारचे भाईदास, म्हणजे सुनंदाबाईंचे यजमान, तेलाच्या गिरणीत कामाला. त्यांची मुलगी मोहिनी लग्न होऊन धुळ्याला गेली आणि सुनंदाबाईंचा जीव फोनकडे लागला. मोहिनीचा फोन आला की यांनी पदर खोचून शेजारी धावत जायचं, पायऱ्या चढायच्या, आणि तोवर तिकडे पैसे पडत राहायचे. एक दिवस आबा म्हणाले, "भाईदास, आपन तुनाकडे पॅरलल टाकी देऊत." दोघांनी जळगावच्या बाजारातून मला आणलं. मी तेव्हाही जुनाच होतो, दुसऱ्याच्या हातचा. आबांनी वायर दातांनी सोलली, भाईदासांनी पीळ दिला, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि पिशवीचा तुकडा बांधला. टेलिफोन खात्याला कोणी विचारलं नाही. तेव्हा कोणीच विचारत नसे.

तो मुख्य फोन रंगाने दुधी होता. त्याच्यासाठी वेगळं स्टूल होतं आणि अंगावर द्रौपदाबाईंनी विणलेला रुमाल. सणावाराला तो रुमाल धुतला जायचा. माझ्यावर फोडणीचे शिंतोडे उडायचे. लग्नपत्रिकांवर त्याचा नंबर छापून यायचा आणि गल्लीतली माणसं तो पाठ म्हणायची. मी सगळं ऐकत होतो आणि आतल्या आत जळत होतो. त्याच्यापेक्षा माझा आवाज चांगला होता, हे मी आजही सांगतो. माझ्या पोटात पितळेची खरी घंटा आहे. त्याच्या पोटातून नुसती किरकिर निघते.

त्या घंटेमुळेच मला माझं काम सापडलं. पलीकडे कोणी रिसिव्हर ठेवायचं बटण दाबून सोडलं, की माझी घंटा अर्धवट हलायची आणि 'टिंग' व्हायचं. हे द्रौपदाबाईंच्या लक्षात आलं. मग रोज सकाळी त्या बटण दोनदा दाबू लागल्या. टिंग, टिंग. सुनंदाबाई मला उचलायच्या, एक आकडा फिरवायच्या म्हणजे डायलचा सूर थांबायचा, आणि दोघी बोलायच्या.

"उठनी का व सुनंदा?"

"हाव अक्का, कव्हयनी उठेल शे."

एवढंच. कधी भाजीचं, कधी मोहिनीच्या पोरांचं. बिल कसलंच नाही, कारण फोन कुठेच लागलेला नसायचा. पुढे आबा गेले, भाईदास गेले. दोघी आपापल्या घरात एकट्या राहिल्या. मोहिनीने आईला मोबाइल आणून दिला. तोही मला बघवला नाही, पण त्याच्याबद्दल फार बोलत नाही, कारण तो बहुतेक वेळ कपाटात मेलेला पडून असायचा. काच चाचपत बसायला दोघींचेही डोळे राजी नव्हते.

एका सकाळी सुनंदाबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या. मी वाजत होतो. टिंग टिंग, पुन्हा टिंग टिंग. त्या दिवसासारखा जीव तोडून मी कधी वाजलो नाही. कोणी उचलेना, तेव्हा द्रौपदाबाईंनी दूधवाल्या झुलालला पिटाळलं आणि त्याने मागचं दार ढकलून आत पाऊल टाकलं. खुब्याचं हाड थोडक्यात वाचलं. त्या दिवसापासून सकाळची टिंग ही नुसती गंमत राहिली नाही. अलीकडचं माणूस ठीक आहे, हे पलीकडच्या माणसाला रोज कळण्याची ती एकच वाट होती. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की त्या दुधी फोनपेक्षा मी तसूभर तरी मोठा आहे.

हे सुख टिकायचं नव्हतं. द्रौपदाबाईंची नात समीक्षा शिकून परत आली. तिला एका कंपनीत नोकरी लागली. घरून काम करायची मुभा होती, पण अट अशी की घरी वायरचं इंटरनेट हवं आणि त्याची चाचणी शनिवारपर्यंत पास झाली पाहिजे. नाही झाली तर पुण्याला हजर व्हायचं. आमच्या गल्लीत फायबर अजून पोचलेलं नव्हतं. म्हणून त्या जुन्या फोनच्या तारेवरच ब्रॉडबँड घ्यायचं ठरलं आणि मोडेम नावाची एक काळी डबी घरात आली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला पलीकडचं सगळं ऐकू येतं. काय ते कौतुक! तिच्यासाठी नवी फळी ठोकली. समीक्षा तिला रोज पुसायची. तिचे दिवे लागले का, किती लागले, हिरवे का लाल, घरभर तीच चर्चा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं माणसांचा आवाज आम्ही वाहिला, आणि ही कालची डबी, जिला धड 'हॅलो' म्हणता येत नाही, तिला फळी?

पण दिवा काही टिकेना. लागायचा, लुकलुकायचा आणि विझायचा. समीक्षाने तक्रार नोंदवली. तिकडून सांगितलं, आधी घरातल्या घरात बघा. लाइनीवर जे जे लावलंय ते सगळं काढा, मोडेमची वायर सरळ भिंतीवरच्या मुख्य डबीत लावा, वायर बदलून बघा, मग पुन्हा चाचणी घ्या. तिने दुधी फोन काढला, वायर बदलली, मैत्रिणीचा मोडेम आणून लावला. चाचणी नापास. मग लाइनमन सुकदेव आला. त्याने भिंतीवरची डबी उघडून साफ केली, खांबावरचा जोड नवा केला, एक्स्चेंजला फोन लावून तिथून तपासायला सांगितलं. पुन्हा नापास.

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कारण मला ठाऊक होतं. त्यांनी घरातलं सगळं काढलं होतं, फक्त मला काढलं नव्हतं. भिंतीवरच्या डबीच्या अलीकडेच, गोकर्णीच्या वेलाखालून एक फाटा फुटून माझ्याकडे येत होता. आबांचा तो जोड आतून ओला होऊन हिरवा पडला होता. मोडेमची बारीक भाषा त्या फाट्यात शिरायची आणि माझ्यापर्यंत येऊन हरवायची. मला ती कळत नव्हती, पण ती बुडते आहे एवढं कळत होतं. बुडू दे, मी म्हटलं.

सुकदेव डोकं खाजवत म्हणाला, "आजी, लाइनीला कुठेतरी फाटा आहे. दुसरीकडे वायर गेलीय का कुठे? पॅरलल वगैरे?"

द्रौपदाबाई म्हणाल्या, "नही रे भाऊ. कसानी पॅरलल?"

मी थक्क झालो. त्या बाई कधी खोटं बोलत नाहीत. समीक्षा जळगावला वसतिगृहात वाढली, तिला या वायरीचा पत्ता नव्हता. सुकदेवने दुधी फोन पुन्हा जोडला, शुक्रवारी शेवटचं बघून जातो म्हणाला आणि गेला. समीक्षाने पुण्याच्या खोल्यांची चौकशी सुरू केली. मी मनात म्हटलं, जाऊ दे डबी पुण्याला. त्या डबीबरोबर द्रौपदाबाईंची नातही जाणार होती, हे मला दिसत होतं. पण मत्सराला एकाच डोळ्याने दिसतं, आणि तो डोळा डबीवर होता.

शुक्रवारी सकाळी टिंग वाजली. एकदाच. सुनंदाबाईंनी मला उचललं, आकडा फिरवला. पलीकडून द्रौपदाबाई हळूच बोलू लागल्या.

"सुनंदा, ती लाइन नापास काब्र व्हस, ते माले माहीत शे. तुनाकडनी वायर शे ना, तिनामुये."

"मंग सांगं नही का तू?"

"कसं सांगू? वायर तोडी टाकतीन. आनि मंग तू पडनी तं माले कसं समजी?" द्रौपदाबाईंचा आवाज माझ्या तारेतून येता येता चिरकला. "पन पोर चालनी जाई व पुन्याले. मनी एकच पोर घरमा शे."

एकच आकडा फिरवून थांबलं की एक्स्चेंज थोडाच वेळ वाट बघतं; तो वेळ संपला आणि टूं टूं सुरू झालं. सुनंदाबाईंनी मला खाली ठेवलं. मग पदराने माझा चेहरा पुसला, फोडणीचे जुने डाग नखाने खरवडले. इतकी वर्षं मी ज्यासाठी झुरलो, ते कौतुक मला मिळत होतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

दुपारी सुकदेव आला तेव्हा सुनंदाबाई भिंतीशी उभ्या राहिल्या आणि वेल बाजूला करून म्हणाल्या, "भाऊ, हाई वायर तोडी टाक."

सुकदेवने पक्कड काढली. कट्ट झालं. माझ्या पोटातली घंटा एकदा हलली आणि मग सगळं गप्प झालं. पलीकडून समीक्षा ओरडली, "लागला! आजी, लागला दिवा! पास झाली!" ज्या बाईच्या घरात मी राहिलो तिनेच मला कापायला लावलं, ते त्या डबीसाठी. माझ्यात वीज उरली नव्हती, पण जळायला वीज लागत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सवयीने मला उचललं, कानाला लावलं, ठेवलं. पुन्हा उचललं. मी काय बोलणार? त्या तशाच चुलीकडे वळल्या आणि त्याच वेळी दारावर काठी वाजली. दारात एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या, धापा टाकत, एक हात गुडघ्यावर.

"टिंग वाजत नही, म्हनीसन मीच उनू," त्या म्हणाल्या.

तो आवाज मी ओळखला. मित्रांनो, इतकी वर्षं तो रोज माझ्या तारेतून आला, पण त्या बाईचा चेहरा मी पाहिला नव्हता. गुडघ्यांमुळे त्या पायऱ्या उतरत नसत आणि सुनंदाबाईच कधीमधी तिकडे जात. चेहरा सावळा, गोल, हसला की डोळे मिटणारा.

"गुडघा दुखतस ना तुना?"

"दुखतस. दुखू दे. चहा ठेव."

त्या स्टुलावर बसल्या. बोलणं तेच होतं, भाजीचं आणि मोहिनीच्या पोरांचं. पण मधेच सुनंदाबाईंनी त्यांच्या गुडघ्याला हात लावला, मधेच दोघी गप्प बसल्या, आणि त्या गप्प बसण्याला टूं टूं लागलं नाही. मी फडताळाशेजारून बघत होतो. त्या साध्या लाकडी स्टुलाचा मला जितका हेवा वाटला, तितका त्या डबीचाही वाटला नव्हता.

काही सकाळी असंच चाललं. आजी काठी घेऊन रोज कुठे जातात म्हणून समीक्षा एकदा मागोमाग आली. तिने मला पाहिलं, तुटकी वायर पाहिली आणि विचारलं, "ही कशासाठी होती?" दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग सुनंदाबाईंनी न्हाणीत पडल्याची गोष्ट सांगितली. पोरगी खाली बसली.

"आजी, मला सांगायचं ना. मी विचारल्याशिवाय कापू दिली नसती."

सुकदेवला पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, पॅरलल असायला हरकत नाही, पण फाटा मोडेमच्या आधी फुटता कामा नये. लाइन घरात शिरते तिथे एक लहानशी डबी बसवायची. तिला दोन तोंडं असतात, एक मोडेमचं, एक फोनचं. फोनच्या तोंडातून नवी वायर न्यायची, म्हणजे दोघांची भाषा एकमेकांत मिसळत नाही. नवी वायर आली. चाचणी घेतली, पास झाली. आता माझा श्वास त्या काळ्या मोडेमच्या शेजारून येतो. याचा मला राग येतो का? येतो. रोज येतो.

वायर लागली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी वाजलो. टिंग टिंग. इतक्या दिवसांनी माझा आवाज मलाच नवा वाटला. आता सुनंदाबाई धावत येणार, मला उचलणार. त्या आल्या नाहीत. त्यांनी चुलीवरच्या पातेल्यात आणखी एक कप पाणी ओतलं, स्टूल पदराने पुसलं आणि दाराची कडी काढून ठेवली. थोड्या वेळाने पायरीवर काठी वाजली.

आता रोज असंच असतं. मला कोणी उचलत नाही. मी फक्त सांगतो की त्या निघाल्या आहेत. आणि एखाद्या सकाळी माझ्या टिंगेनंतर ही कडी निघाली नाही, तर काठी दाराशी पोचलेलीच असेल.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरची लाइन चाचणीत नापास झाली तर आधी सगळं काढून बघा, मुख्य डबीवर तपासा, ओले जोड शोधा. एखादी अनोळखी वायर सापडली तर जरूर कापा. पण पक्कड लावण्याआधी ती कुठे जाते ते बघा आणि त्या टोकाला जाऊन दार वाजवा. आणि जमलं तर त्या काळ्या डबीला रोज पुसताना एखाद्या दिवशी फडकं भिंतीच्या अलीकडेही आणा. माझ्यावर पुन्हा फोडणी उडाली आहे.