भाचीहून धाकटा मामा

ऐन वैशाखातल्या दुपारी, धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत कडुनिंबाचं पानसुद्धा हलायला कंटाळलेलं असताना, कुंपणाच्या भिंतीपलीकडून आधी लाकडी तळाच्या चपलांचा संथ नाद यायचा आणि मागोमाग वाळ्याच्या ताट्यांवर फेकलेल्या पाण्याचा सपकारा. क्षणभरानं ओल्या वाळ्याचा तो गारेगार, मातकट गंध भिंत ओलांडून आमच्या ओसरीवर येऊन बसायचा. ती मार्ता. उंच, रुंद खांद्यांची, उन्हानं लालबुंद झालेल्या चेहऱ्याची. करड्या-सोनेरी केसांचा सैल अंबाडा बांधून ती त्या ताट्यांसमोर डोळे मिटून उभी राहायची आणि अंगावर उडालेले तुषार पुसायची नाही. ते दृश्य मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून चोरून बघत असे.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. तिचा नवरा यान खापरखेड्याच्या वीजकेंद्रात यंत्रं उभारायला पोलंडहून आलेला; सकाळी जीपमधून जायचा, संध्याकाळी कोळशाच्या धुळीनं काळवंडून परतायचा. एकुलती लेक हान्का लग्न होऊन तिकडेच राहिलेली. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे मार्ताशी गप्पा मारायचा हक्क आपलाच, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. मुळातच मी चौकस. आमचे हे भोचक म्हणतात, म्हणोत बापडे! पण मार्ता माझ्यापेक्षा वरचढ निघाली. भाजीवाल्याच्या टोपलीतलं प्रत्येक पान ती चुरगाळून हुंगायची, घागरीवर बोटांनी टिचकी मारून नाद ऐकायची, विचारात पडली की तळहात भिंतीवर टेकवून उभी राहायची. आणि मराठी शिकली ती माझ्याकडून नव्हे, दूधवाल्याकडून आणि माझ्या सासूबाईंकडून. माझं बोलणं ऐकून ती एकदा भुवया उंचावून म्हणाली, "तुही मराठी काहून अशी इस्त्री केल्यासारखी वं?" सासूबाई आठवडाभर ते वाक्य सांगून हसत होत्या.

सासूबाई काटोलच्या, संत्र्यांच्या बागेत वाढलेल्या. झाडाच्या पानांवरून बहार ओळखायची त्यांना सवय होती आणि तीच नजर माणसांवर टाकायची खोडही. एका दुपारी मार्ता भिंतीला टेकून मिठाशिवाय, तिखटाशिवाय, नुसती कच्ची कैरी कचाकचा खात होती. सासूबाईंनी निवडायला घेतलेलं सूप बाजूला ठेवलं.

"सूनबाई, या बाईले दिवस गेले."

"अहो आई, काहीतरीच काय! चव्वेचाळीस वर्षांची आहे ती."

"मंग? वय इचारून येते का लेकरू?"

आणि खरंच होतं ते. दोन दिवसांनी मार्ता आमच्या ओसरीवर येऊन बसली. एरवी तिचे डोळे तोंडाआधी हसायचे. त्या दिवशी ती फरशीकडेच बघत राहिली. शब्द जुळवत, अडखळत तिनं सांगितलं, की पोटात बाळ आहे. आणि लेकीलाही दिवस गेलेत. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती बाळंत होईल. म्हणजे एकाच वर्षात ती आजी होणार आणि आईही. "मले लाज वाटते, माय," ती सासूबाईंना म्हणाली. तिकडच्या मैत्रिणी हसतील, जावई काय म्हणेल, आणि हान्का तर तोंडही बघणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

सासूबाईंना त्यात लाजण्यासारखं काय, तेच उमगेना. "माह्या थोरलीची पोट्टी माह्या धाकट्याहून मोठी आहे," त्या म्हणाल्या, "एकाच खोलीत दोन बाजा होत्या, एकीवर मी, एकीवर लेक."  मार्ताची जिज्ञासा उसळून आली. भाची त्या मामाला काय म्हणते? पाया पडते का? मामानं भाचीला मारलं तर चालतं का? मी सांगितलं, की ती त्याला मामा म्हणते, दिवाळीला ओवाळणी उकळते आणि भांडण झालं की सरळ त्याच्या झिंज्या उपटते. मार्ता हसत सुटली, इतकी की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं हसण्याचं किती नि रडण्याचं किती हे मला तेव्हा कळलं नाही.

खरा घोर वेगळाच होता. लेकीच्या बाळंतपणाला मी येईन, असा शब्द तिनं हान्काला दिला होता, आणि डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट बजावलं, की या वयात, रक्तदाब असा चढता असताना, एवढा प्रवास करायचा नाही म्हणजे नाही. मार्तानं ते लेकीला स्वतःच्या तोंडानं सांगायचं ठरवलं. तारघरात ट्रंक कॉल लावून आम्ही दोघी बाकावर ताटकळत बसलो. कॉल लागला तेव्हा ती काचेच्या खोक्यात शिरली. आधी जोरजोरात बोलली, मग हळू, मग नुसती ऐकत राहिली. बाहेर आल्यावर तिनं तळहात भिंतीवर टेकवला.

"काय म्हणाली हान्का?"

"म्हणाली, तू तुझं बाळ सांभाळ. आणि फोन ठेवून दिला."

त्यानंतर हान्काचं पत्र आलं नाही. पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की मार्ता फाटकापर्यंत जायची आणि रिकाम्या हातांनी परतताना वाटेतलं एखादं वाळकं पान उचलून आणायची, जणू त्याच्याचसाठी गेली होती. मला मार्ताचा राग यायचा, त्या न पाहिलेल्या पोरीचा त्याहून जास्त.

पावसाळा आला. नागपूरचं तापलेलं आकाश निवलं, परसातल्या मातीला हिरवा तकाकता रंग चढला आणि मार्ताला डोहाळे लागले ते आंबाडीच्या भाजीचे. पहिला घास घेताच ती थबकली. तिच्या गावीही अशाच आंबट पानांचं सार करतात म्हणे. युद्ध संपत आलं त्या वसंतात बायका ती पानं रेल्वेच्या रुळांकडेने खुडून आणायच्या. त्या दिवशी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ती प्रथमच त्या काळाबद्दल बोलली. हान्का झाली तेव्हा मार्ता वीस वर्षांची होती, तळघरात राहत होती, आणि सगळा जीव दुसऱ्या दिवशी काय खायचं यात गुंतलेला. "हान्का लहान असतानी कशी दिसे, मले आठवत नाही," ती म्हणाली. "भूक आठवते. थंडी आठवते. पोट्टीचं तोंड आठवत नाही." या खेपेला तिला बघायचं होतं, सगळं सावकाश, डोळे भरून बघायचं होतं, आणि तेच तिला सलत होतं. "तिच्या वाटणीचं मी या लेकराले देऊन राहिली का वं?"

मी शिकलेली बाई, पण तोड काढली ती सासूबाईंनी. त्यांच्या मते, लेकीचं पहिलं बाळंतपण आईनं करायचं असतं, निदान ओटी तरी आईच्या अंगणात भरायला हवी. लेक येऊ शकत नसेल तर तिचा फोटो आणावा. "दोघींचीही ओटी एकाच दिवशी भरू," त्या म्हणाल्या आणि गल्लीतल्या बायकांना निरोप गेलेसुद्धा.

त्या दुपारी आमच्या ओसरीवर दोन पाट मांडले, भोवती रांगोळी काढली. एका पाटावर हिरव्या लुगड्यात अवघडून बसलेली मार्ता, दुसऱ्यावर चौकटीतला हान्काचा फोटो. मार्तानं इकडे येताना आणलेला तो एकच. आठ-नऊ वर्षांची पोर, पायघोळ पांढरा झगा, डोक्यावर फुलांचं कडं आणि पातळ ओढणी, हातात मेणबत्ती. बायका फोटोवर वाकल्या. परदेशी नवऱ्या पांढऱ्या कपड्यांत असतात, एवढं साऱ्यांनीच सिनेमाच्या पोस्टरांवर पाहिलं होतं. पलीकडच्या गल्लीतल्या वयस्क काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"एवढ्याशा पोट्टीचं लगन लावलं काहून वं माय? आमच्यातही पहिले असंच करत."

सासूबाईंनी मार्ताच्या पाठीवरून हात फिरवला, आता झालं गेलं विसर, अशा अर्थानं. मार्ताला काही केल्या उलगडा होईना, की या सगळ्या आपल्या लेकीसाठी हळहळताहेत कशाला. मी विचारलं तेव्हा कुठे कळलं, की लग्नबिग्न काही नाही. आपल्याकडे मुंज, तसा त्यांच्याकडे मुलींचाही काही धर्मसंस्कार असतो, त्या दिवशीचा तो फोटो. मी ते मोठ्यानं सांगितलं आणि ओसरीभर असा हशा उसळला, की कडुनिंबावरचे पोपट उडाले. मग सासूबाईंनी फोटोसमोर खण, नारळ, तांदूळ ठेवले, काचेवर हळदकुंकू लावलं, आणि बायका डोहाळ्यांची गाणी म्हणू लागल्या. मार्तानं काचेवरच्या त्या लाल ठिपक्याजवळ बोट नेलं, पण स्पर्श केला नाही. आमच्या ह्यांनी कॅमेऱ्यात ते सगळं टिपलं. फोटो धुऊन आला तसा मार्तानं तो लेकीला पाठवून दिला, बायका का रडल्या आणि का हसल्या ते सारं सविस्तर लिहून.

ऑक्टोबरात जावयाची तार आली: मुलगी झाली, दोघी सुखरूप. हान्काकडून अक्षर नाही. नोव्हेंबरात, सकाळी धुकं पडू लागलं असताना, मार्ताला मुलगा झाला. तोमेक. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचा तोम्या केला. बाळंतिणीची शेकशेगडी, डिंकाचे लाडू, बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात पालथं घालणं, सगळं आमच्या घरून झालं. यान बिचारा दारात उभा राहून, आत येऊ का, असं खुणेनं विचारायचा आणि सासूबाई खुणेनंच नाही म्हणायच्या. दूध मात्र दीड-दोन महिन्यांतच आटलं. डब्यातल्या पावडरीचं दूध बाटलीनं पाजताना मार्ता खट्टू होई. पण बाळ निजलं की ती त्याच्याकडे बघत बसायची. पापण्या, नखं, कानाच्या पाळीवरची लव. काहीही न करता, तासन्तास. मी अनेक आया पाहिल्या, मीही एक आहे. इतक्या निवांत कुतूहलानं लेकराकडे बघणारी आई मी पाहिली नव्हती. आम्ही तरुणपणी पोरं वाढवतो तेव्हा बघायला सवड कुणाला असते?

आणि फेब्रुवारीत, मृग बहाराची संत्री बाजारात उतरू लागली होती तेव्हा, टॅक्सीतून हान्का उतरली. कडेवर चार महिन्यांची मुलगी. आईसारखीच उंच, पण ओठ घट्ट मिटलेले. मी न राहवून विचारलंच, एवढ्या लांब तान्ह्या पोरीला घेऊन कशी आलीस म्हणून. ती तुटक इंग्रजीत म्हणाली, "त्या फोटोत मी इथे बसलेली आहे. मी तर आले नव्हते. म्हटलं, बघून यावं."

पण जवळ येणं इतकं सोपं नव्हतं. मार्ता नातीला कुशीत घेऊन घरभर हिंडायची आणि हान्का तोमेकच्या पाळण्यावरून वळसा घालून जायची. एकदाही त्याला हात लावला नाही.  मार्ता नुसती तिच्या हातांकडे बघायची. लेकीची परतायची वेळ जवळ येत चालली तशी मार्ता पुन्हा भिंतीला तळहात टेकवून उभी राहू लागली.

एका दुपारी काटोलहून आलेल्या संत्र्यांतली थोडी द्यायला मी गेले. दार लोटलेलं होतं. पोराच्या सर्दीनं रात्र-रात्र जागलेली मार्ता पलंगावर गाढ झोपली होती, शेजारी नात. तोमेक पाळण्यात तारस्वरानं रडत होता, बाटली बाजूला निवून गेलेली. हान्का पाळण्याजवळ उभी होती, हात मागे बांधून. मी उंबऱ्यातच थबकले. रडून रडून पोर काळंनिळं झालं, तसा तिच्या तोंडून काहीतरी पुटपुटता शब्द निघाला, आणि तिनं वाकून त्याला उचललं. फरशीवर बसली, पाठ भिंतीला टेकली, झग्याची बटणं काढली आणि भावाला छातीशी घेतलं. रडणं एकदम थांबलं. खोलीत फक्त त्याच्या हावऱ्या चोखण्याचा आवाज. हान्काचे घट्ट ओठ सुटले, आणि तिच्या गालांवरून आसवं ओघळू लागली. पुसायला हात मोकळा नव्हता.

मी पलंगाकडे पाहिलं. मार्ताचे डोळे उघडे होते. तिनं लेकीकडे पाहिलं, आणि वीस वर्षांची असताना जे तोंड बघायचं राहून गेलं होतं ते ती बघतेय असं मला वाटलं. मग मी दिसले तशी तिनं हळूच डोळे मिटून घेतले आणि झोपेचं सोंग करून पडून राहिली.

पुढल्या वर्षी यानचं काम संपलं आणि ते मायदेशी गेले. काही वर्षं नाताळात कार्डं आली, मग तीही थांबली. सासूबाई गेल्या, भिंतीपलीकडे आता बँकेतलं कुटुंब राहतं. तो मामा आता केवढा झाला असेल, त्याची भाची त्याच्या झिंज्या उपटते की नाही, याचा मी अधूनमधून अंदाज बांधू बघते, पण फार पुढे जाता येत नाही; काळ माझ्या केसांवरून, या गल्लीवरून, गेलेल्या माणसांवरून खुशाल चालत गेला, त्या खोलीत मात्र अजून तीच दुपार आहे, लेक भावाला पाजते आहे, आणि तिची तंद्री मोडू नये म्हणून आई डोळे मिटून जागी आहे.